बिल तेरा हजारांचं, ब्रेक ऑईल पाच वर्षांपूर्वीचं

ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी आयुष्यातली पहिली चारचाकी घेतली. छोटी पेट्रोल गाडी, पाच वर्षांत ३१ हजार किलोमीटर. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंग करून आणलं आणि दुसऱ्या दिवशी बिल घेऊन माझ्याकडे आले. बेरीज त्यांनी आधीच तपासलेली होती, ती बरोबर होती. शिक्षक माणूस. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "यातलं गाडीला लागत होतं काय, आणि लागत नव्हतं काय, एवढं मला सांगा."

बिल १३,१५० रुपयांचं. त्यात इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि लेबर धरून ४,८१० रुपये. म्हणजे ज्याला आपण सर्व्हिसिंग म्हणतो ते एवढ्यात झालं होतं. उरलेले ८,३४० रुपये कशाचे, तर इंजिन फ्लश, ऑईलमधलं ॲडिटिव्ह, इंजेक्टर क्लीनर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, ब्रेक क्लीनिंग-ग्रीसिंग, इंटिरिअर एनरिचमेंट, सायलेन्सर आणि अंडरबॉडी कोटिंग, व्हील अलाइनमेंट-बॅलन्सिंग आणि उंदीर येऊ नयेत म्हणून मारायचा स्प्रे. सर्व्हिसिंगपेक्षा वरकड जास्त. घोड्यापेक्षा नाल महाग म्हणतात, तसं.

मी मेकॅनिक नाही. माझ्याकडे डिप्लोमा पत्रकारितेचा आहे, इंजिनिअरिंगचा नाही. पण वीस वर्षं तालुक्यात पत्रकारिता केल्यावर एक सवय लागते. कुणी काही छातीठोकपणे सांगितलं की "हे कुठं लिहिलंय?" असं विचारायचं. म्हणून सरांच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढलं. प्लास्टिकचं वेष्टन तसंच होतं. पाच वर्षांत कुणी उघडलंच नव्हतं. त्यात सरांची चूक नाही. पुस्तक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि गाडी घेताना शोरूममध्ये पेढा भरवतात, हार घालतात, फोटो काढतात, पण मॅन्युअलचं हे पान बघा असं कुणी सांगत नाही.

ते पान म्हणजे मेंटेनन्सचा तक्ता. आडव्या ओळीत किलोमीटर आणि महिने, उभ्या ओळीत कामं. कुठलं काम तपासायचं, कुठलं बदलायचं, कधी. ज्यानं गाडी बनवली त्यानं स्वतः लिहून दिलेला हा कागद आहे. सरांच्या बिलातल्या त्या ८,३४० रुपयांच्या यादीतली बहुतेक नावं त्या तक्त्यात नाहीत. ब्रेक आणि चाकं 'तपासा' या सदरात आहेत, बाकीच्यांचा पत्ता नाही.

आता एकेक बघू. सगळं खोटं आहे असं माझं म्हणणं नाही, आणि तसं लिहून टाळ्या मिळवणं सोपं आहे म्हणून आधीच सांगतो.

इंजिन फ्लश म्हणजे जुनं ऑईल काढण्याआधी त्यात एक पातळ केमिकल ओतायचं, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि मग सगळं काढून टाकायचं. आत साचलेली घाण सुटते असा दावा. पण जी गाडी वेळच्या वेळी ऑईल बदलत आली तिच्या इंजिनात एवढी घाण साचतेच कुठं? घाण सुटी करून वाहून आणणं हे चांगल्या इंजिन ऑईलचंच एक काम आहे, म्हणून तर ते काळं पडतं. ऑईल काळं झालेलं दाखवून "बघा साहेब, किती कचरा होता" असं म्हणणारा माणूस खरं तर ऑईलनं आपलं काम केलं याचा पुरावा दाखवत असतो. वर्षानुवर्षं ऑईल न बदललेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथंही फ्लश मारावा की नाही यावर जुने मिस्त्री दोन बाजूंनी भांडतात, कारण सुटलेली घाण जाऊन ऑईलच्या जाळीत अडकली तर नसतं दुखणं.

ॲडिटिव्हचं तर मला नवलच वाटतं. कंपनीनं इंजिनासाठी ऑईलचा ग्रेड ठरवलेला असतो. त्या ऑईलमध्ये झीज रोखणारं, घाण धरून ठेवणारं, गंज टाळणारं असं सगळं कारखान्यातच मिसळलेलं असतं. त्यासाठीच आपण लिटरमागं एवढे पैसे मोजतो. मग वरून अजून एक बाटली कशाला? भाजीत मसाला घालून झाल्यावर वाढप्यानं ताटात आणखी चमचाभर टाकावा तसलं हे काम. कित्येक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ऑईलमध्ये वरून काही घालू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि त्याच कंपनीचा बोर्ड लावलेल्या सेंटरमध्ये ती बाटली ओतली जाते. मौज आहे.

थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर यांची गोष्ट मधली आहे. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा घेणारा दरवाजा. तिथं काजळी धरते हे खरं. गाडी न्यूट्रलला उभी असताना थरथरत असेल, आरपीएमचा काटा खालीवर नाचत असेल, सिग्नलला बंद पडत असेल, तर साफ करायलाच हवं आणि त्याचा फरक लगेच जाणवतो. इंजेक्टरचंही तेच. सकाळी गाडी पटकन चालू होत नाही, ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळते, ॲव्हरेज अचानक पडलं, तर बघून घ्या. पण यातली एकही तक्रार नसताना दर दहा हजार किलोमीटरला हे का करायचं? ताप नसताना दर सहा महिन्यांनी तापाचं इंजेक्शन घेतो का आपण? सरांना मी विचारलं, गाडीला काही त्रास होता का? म्हणाले, "कसला त्रास, लोण्यासारखी चालत होती."

एसीला वास येत असेल तर आतल्या जाळीवर बुरशी धरलेली असते, ती साफ करणं योग्य. वास नसेल तर फक्त फिल्टर बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत डॅशबोर्डचा कप्पा सोडवला की मागं हा फिल्टर मिळतो, पाच मिनिटांत घरी निघतो. आपल्याकडं तो काळा नाही तर तांबडा निघणारच, माण-खटावच्या फुफाट्यात दुसरं काय निघणार?

इथं एक गोष्ट सर्व्हिस सेंटरवाल्यांच्या बाजूनं सांगायला हवी. मॅन्युअलमध्ये साध्या तक्त्याच्या मागं आणखी एक तक्ता असतो, खडतर वापरासाठी. धुळीचे रस्ते, घाट, सारखं थोडं-थोडं अंतर चालवणं, ओझं ओढणं. आपला तालुका यातल्या जवळपास सगळ्यात बसतो. त्या तक्त्यात एअर फिल्टर लवकर बदला, ऑईलही काही गाड्यांत लवकर बदला असं दिलेलं असतं. म्हणजे अ‍ॅडव्हायझरनं "तुमच्याकडं धूळ आहे, एअर फिल्टर आताच बदलू" असं सांगितलं तर तो फसवत नाही, तो पुस्तकातलंच बोलतोय. एअर फिल्टरला नाही म्हणून दोन-चारशे रुपये वाचवणारे आणि त्याच दिवशी सीटला सुगंधी फवारा मारून घेणारे लोक मी पाहिलेत.

अंडरबॉडी कोटिंगचं बघा. आपला एकच जिल्हा, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि दहिवडीकडं जेमतेम पाचशे. कोकणात रोज खारी हवा खाणारी, किंवा चार महिने महाबळेश्वरात भिजणारी गाडी असेल तर खालून गंजाची काळजी घेणं शहाणपणाचं. पण आपल्याकडच्या गाडीला, जिला पावसाळ्यातसुद्धा धुवायला बोअरचं पाणी शोधावं लागतं, तिला दर वर्षी तेच कोटिंग कशासाठी? नवीन गाड्यांना कारखान्यातच खालून गंजरोधक थर दिलेला असतो. सेंटरच्या यादीत मात्र महाबळेश्वरची गाडी आणि म्हसवडची गाडी एकाच मापात.

अलाइनमेंटचं मी चटकन सांगतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग सरळ धरून गाडी सरळ जात नसेल, टायर एका कडेनं खात असेल, किंवा मोठ्या खड्ड्यात आपटली असेल तर करा. आपल्या रस्त्यांची अवस्था बघता हे वर्षाकाठी एकदा लागतंच म्हटलं तरी मी वाद घालणार नाही. टायरवाल्याकडंही होतं. आणि नायट्रोजन हवा ज्यांना भरायची ते भरोत, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवेचं प्रेशर दर पंधरा दिवसांनी तपासलं तर त्याहून जास्त उपयोग.

उंदरांचा प्रश्न खरा आहे. उसाचा फड तुटला की उंदीर वस्तीकडं येतात, गाडीच्या बोनेटखाली उबेला बसतात आणि वायर कुरतडतात. हजारोंचा खर्च झालेले लोक आपल्यात आहेत. पण स्प्रेचा वास किती दिवस टिकणार? पहिल्याच पावसात, धुण्यात गेला. आमच्याकडं कुणी तंबाखूची पुरचुंडी बांधतं, कुणी डांबरगोळ्या. त्याचा गुण किती ते ज्यानं-त्यानं बघावं, निदान खर्च तरी पाच-दहा रुपयांचा.

इंटिरिअर एनरिचमेंट म्हणजे आतून पुसणं आणि चकचकीत करणारं द्रव्य फासणं. हौसेला मोल नाही, पण हौस आहे हे आधी सांगितलं पाहिजे. वडापच्या जीपला कधी कुणी एनरिचमेंट केलेलं पाहिलंय का? त्या गाड्या लाखांनी किलोमीटर पळतात. वडापवाला ऑईल चुकवत नाही, ग्रीस चुकवत नाही, ब्रेक चुकवत नाही, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. बाकी सीट फाटलेलं असलं तरी त्याला चालतं आणि आपल्यालाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. सरांनी पाचही वर्षांची बिलं फाईलला लावून ठेवलीत. मी ती सगळी चाळली. पाच वर्षांत ब्रेक ऑईल एकदाही बदललेलं नाही.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. हा त्याचा गुणधर्मच आहे, गाडी उभी असली तरी ते होतच राहतं. म्हणून किलोमीटर कितीही कमी असले तरी बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांनी ते बदलायला सांगतात. सरांच्या गाडीच्या तक्त्यातही ती ओळ आहे. पाणी मुरलेलं ब्रेक ऑईल कमी तापमानाला उकळतं. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. पण पसरणीचा घाट उतरताना, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, आणि पुढं एसटी असल्यामुळं सारखा ब्रेकवर पाय. ब्रेक तापतात, ती उष्णता ऑईलपर्यंत जाते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचं पेडल पोकळ लागतं. ब्रेक दाबला जातो, पण गाडी थांबत नाही. सर दर मे महिन्यात नातवंडांना घेऊन पाचगणीला जातात.

म्हणजे त्याच बिलात सुगंध आहे, चकाकी आहे, 'ब्रेक क्लीनिंग-ग्रीसिंग'सुद्धा आहे, पण तक्त्यात लिहिलेलं ब्रेकचं खरं काम नाही. टायरचंही तसंच. चार टायर कंपनीचेच, पाच वर्षांचे, उन्हात उभे राहून कडांना बारीक तडे गेलेले. बॅलन्सिंगचे पैसे घेताना चारही टायर काढून मशीनवर चढवले गेले, तरी तड्यांचा उल्लेख जॉबकार्डवर नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे टायर कधी बनला ते. आज संध्याकाळी गाडीपाशी गेलात तर वाचून बघा. समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि हळहळतो, पण आपल्या गाडीचा टायर कुठल्या साली बनला हे मी विचारलेल्या एकालाही सांगता आलं नाही.

असं का होतं? कारण ठरवणाऱ्याचा पगार कशावर अवलंबून आहे ते बघा. एका सेंटरमध्ये पूर्वी अ‍ॅडव्हायझर असलेला आमच्याच भागातला एक मुलगा आहे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा, घरी दोन एकर कोरडवाहू. त्यानं मला नीट समजावलं. नवी गाडी विकून डीलरला फारसं सुटत नाही, जे सुटतं ते वर्कशॉपमध्ये. त्या वरच्या यादीला त्यांच्या भाषेत 'व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस' म्हणतात. प्रत्येक अ‍ॅडव्हायझरला गाडीमागं सरासरी किती रुपयांची ही यादी गेली पाहिजे याचं टार्गेट. पूर्ण झालं तर इन्सेन्टिव्ह, नाही झालं तर सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव. "दादा, ब्रेक ऑईल सुचवलं तर ते माझ्या टार्गेटमध्ये धरत नव्हते," असं तो म्हणाला. मला या मुलाचा राग येत नाही. त्याचा पगार जेवढा होता तेवढ्यात शहरात खोलीभाडं आणि मेस भागत नव्हती. इन्सेन्टिव्ह म्हणजे त्याचं रात्रीचं जेवण होतं.

त्यानं वाक्यंही सांगितली, पाठ करून घेतलेली. "काका, गाडीच्या काळजीपोटी सांगतोय." "नाही केलं तरी चालेल, पण पुढं इंजिनाचं काही झालं तर आम्हाला बोलू नका." आणि सगळ्यात जालीम म्हणजे "वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो." शेतकरी असो, मास्तर असो, तलाठी असो, आयुष्यात एकदा घेतलेली आठ-दहा लाखांची वस्तू. वॉरंटी म्हटलं की हात आपोआप सहीकडं जातो.

म्हणून वॉरंटीचं नीट वाचा. तक्त्यातली सर्व्हिसिंग वेळेवर झाली की नाही, याच्याशी वॉरंटीचा संबंध असतो. फ्लश, ॲडिटिव्ह, कोटिंग, सुगंध यांच्याशी नसतो. कुणी असतो म्हणालं तर शांतपणे म्हणायचं, "जॉबकार्डवर तसं लिहून द्या." पेन उचललेला मी तरी अजून ऐकलेला नाही. आणि बाहेरच्या गॅरेजला हात लावला की वॉरंटी संपली, हे जे सरसकट सांगतात त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा आदेश आहे. चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड सुनावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात, बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नका, त्या चुकीच्या कामामुळं जे बिघडलं तेवढ्यापुरतंच बघा, असंही सांगितलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. ही बातमी तेव्हा आतल्या पानावर आली होती, कारण अशा बातम्या आतल्याच पानावर येतात.

का येतात तेही सांगून टाकतो. दसरा-पाडव्याला आपल्या पेपरांची पानं भरतात ती गाड्यांच्या शोरूमच्या जाहिरातींनी. तालुका वार्ताहराला बातमीबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात, हे आता गुपित राहिलेलं नाही. त्यामुळं सर्व्हिसिंगच्या बिलाची चिरफाड छापून येईल अशी वाट बघू नका. म्हणून इथं लिहितोय.

आता कुणी म्हणेल, मग नाक्यावरच्या मिस्त्रीकडंच जावं. जरूर जा, माझेही दोन मिस्त्री मित्र आहेत आणि हे सगळं लिहिण्याआधी त्यांच्याशी बोललोय. चांगला मिस्त्री आवाज ऐकून दुखणं सांगतो. पण तिथंही आंधळेपण नको. डब्याचं सील तुमच्यासमोर फुटलं का, ऑईलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच आहे का, फिल्टर खरा आहे का, आणि बिल मिळतं का? "दादा, बिल कशाला, घरचंच काम आहे" म्हणणाऱ्याकडं उद्या इंजिन बसलं तर कुठल्या कागदावर भांडणार? कंपनीच्या सेंटरला निदान कागद असतो. पाच वर्षांची फाईल नसती तर सरांच्या ब्रेक ऑईलचं कळलंच नसतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू आणि सेवेचा दर्जा, प्रमाण, किंमत याची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. जॉबकार्ड इंग्रजीत, त्यावर आधीच टिकमार्क केलेले, आणि "इथं सही करा" म्हणून बोट ठेवलेलं, याला माहिती देणं म्हणता येईल का? सरांचं इंग्रजी चांगलं आहे, तरी 'डीकार्ब' म्हणजे काय हे त्यांना कळलं नाही. ज्याचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय त्या बागायतदारानं काय करायचं?

तक्रार करायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही सुरू केलं, त्यात गाड्यांचा विभाग आहे. पण खरं बोलायचं तर आठ हजार रुपयांसाठी जिल्ह्याच्या गावाला हेलपाटे कोण घालणार? एसटीचं तिकीट आणि बुडालेला दिवस धरला तर हिशेब जमत नाही, आणि हे समोरच्यालाही माहीत असतं. म्हणून भांडण सही करण्याआधी व्हायला हवं.

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती चळवळ आपल्या महाराष्ट्रातली. दर वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो, सगळीकडं भाषणं होतात, नारळ फुटतो. येत्या २४ डिसेंबरला भाषणं थोडी कमी करून सर्व्हिस सेंटरांकडं तीन साध्या गोष्टी मागूया. कंपनीचा मेंटेनन्सचा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरात, गाडी देतो त्या काउंटरच्या वर लावावा. जॉबकार्डवर तक्त्यातली कामं वेगळी आणि ऐच्छिक कामं वेगळी, दोन्हींची बेरीज वेगळी, आणि ऐच्छिकसमोर ग्राहकाची वेगळी सही. आणि बदललेला जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्यावा, त्यानं मागितला नाही तरी. यातल्या एकालाही खर्च येत नाही. नकार आला तर का आला हे तरी कळेल.

सरांनी काय केलं ते सांगतो. ते दुसऱ्या आठवड्यात परत त्याच सेंटरला गेले, मॅन्युअलमध्ये त्या पानावर खूण घालून. काउंटरवरच्या मुलाला म्हणाले, "बाळ, ही ओळ वाच." त्यानं वाचली. ब्रेक ऑईल बदलून दिलं, त्याचे पैसे घेतले, आणि आधीच्या ८,३४० मधले काही परत मिळाले नाहीत. पण निघताना तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, टायरपण बदला." हे वाक्य पहिल्या दिवशी का निघालं नाही, त्याचं उत्तर त्या मुलाकडं नाही, त्याला टार्गेट देणाऱ्यांकडं आहे.

आपल्या भागात जास्त चालणाऱ्या तीन पेट्रोल गाड्यांच्या तक्त्यांचं मराठी करून मी एका पानावर मांडतोय. दोन मिस्त्री तपासून देणार आहेत. रविवारी बाजारतळाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रती ठेवतो, झेरॉक्सचे पैसे तेवढे द्या. डिझेलचं अडलंय. २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असतो, गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरवलं की तो तुंबतो, आणि त्याच्या सफाईच्या नावाखाली काय-काय बिलं लागतात हे मला बघायचंय. ज्यांच्याकडं अशी गाडी आहे त्यांनी मॅन्युअलमधलं त्या फिल्टरचं पान आणि मेंटेनन्सचा तक्ता, दोन्हींचे फोटो मेसेजमध्ये पाठवा. फोटो उजेडात काढा, अक्षर फार बारीक असतं.